ओरेल्लाची सातवी पायरी

डुलुथ,
११ जानेवारी २०१६

नॉर्बकाका,

मी ब्रिटा, आर्लिसची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी आठ वर्षांची होते. तुमच्या तळघराच्या जिन्यावर बसून चीज खायचं, खाली टेबलाभोवती मोठ्या माणसांची फाशांवरून चाललेली भांडणं ऐकायची, आणि कुणी ‘वर जा गं’ म्हणालं की एक पायरी वर सरकायचं, एवढंच माझं काम असायचं. तुमचा पत्ता आईच्या पाककृतींच्या डब्यात सापडला. घर बदललं नसेल तर हे पत्र पोचेल.

आई आजारी आहे. फुप्फुसाचं दुखणं आता हाडांत उतरलंय. डॉक्टर तारीख देत नाहीत, स्वतःच्या बुटांकडे बघत बोलतात. बाबा जाऊन सात वर्षं झाली, म्हणून मीच तिच्याकडे राहायला आलेय.

आता कामाचं. आईला एकच गोष्ट हवी आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये आम्ही इकडे आलो तेव्हा तुमचा तो पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा खेळ अर्ध्यावर थांबला. तिची ओरेल्ला, म्हणजे खेळातलं तिचं पात्र, डोंगराखालच्या काळ्या दारासमोर उभी होती, ती अजून तिथेच उभी आहे. आई म्हणते, ‘मेल्यावर काय असतं त्याची मला घाई नाही, लवकरच कळेल. त्या दारामागे काय आहे तेवढं बघायचंय.’

मीही खेळते, काका. आमच्या गटाची सूत्रधार मीच असते, गोष्ट मी रचते आणि निकाल मी देते. पण आम्ही नियमांच्या नव्या पुस्तकाने खेळतो, आणि ओरेल्ला जुन्या पुस्तकाची. ती अर्धी माणूस, अर्धी एल्फ या परीजातीची, तलवारही चालवणार आणि जादूही करणार. तुमच्या नियमांत हे दोन्ही पेशे बरोबरीने वाढतात, मिळालेला प्रत्येक गुण निम्मा इकडे, निम्मा तिकडे. आमच्यात दर पायरीला एक पेशा निवडायचा. तलवारीच्या तीन पायऱ्या आणि जादूच्या चार चढलात, तर तुम्ही एकूण सातवे. मग ओरेल्लाला या पुस्तकात कुठल्या पायरीवर बसवू? मी मनाने बसवायला तयार होते, पण आई म्हणाली, ‘खबरदार. नॉर्ब ठरवेल.’ आणि दारामागे काय आहे ते तर तुमच्याच डोक्यात.

तिचा एक निरोपही आहे: ‘शुक्रवारचा मासा अजून जाळतोस का?’

तुमची,
ब्रिटा

—

कौकाना,
१९ जानेवारी

ब्रिटा पोरी,

घर तेच आहे, टेबल तेच आहे आणि मासा मी कधीच जाळत नव्हतो. कुरकुरीत करायचो. तुझ्या आईला कुरकुरीत आणि जळका यांतला फरक अकरा वर्षांत कळला नाही.

तुमचं नवं पुस्तक मी दुकानात उभ्या उभ्या चाळलंय. लाडावलेल्या पोरांचा खेळ. ज्याला जे पाहिजे ते, मागेल तेव्हा. आमच्याकडे माणूस जातीच्या पात्राला पेशा बदलायचा असेल तर पहिला सोडून द्यावा लागे. नवा पेशा जुन्यापेक्षा वरचढ होईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. मोहात पडून एकदा जरी जुनी तलवार उपसलीस, तर त्या दिवसाची सगळी कमाई शून्य. असे नियम असले की माणूस विचार करून पाऊल टाकतो.

आणि तुझ्या आईच्या ओरेल्लासारखे अर्ध्या रक्ताचे. त्यांना दोन्ही डगरींवर हात ठेवायची मुभा होती, पण त्याची किंमत होती. ती किंमत तुमच्या पुस्तकाने माफ करून टाकली म्हणून मी माफ करणार नाही. रूपांतर करून देईन, पण रीतसर. ओरेल्लाच्या कागदाची नक्कल पाठव. दोन्ही पेशांचे गुण, तारखांसकट.

एक लक्षात ठेव. मी कागदगिरणीत रात्रपाळीला असलो की निकाल डाकेने पाठवायचो, आणि टेबलावर म्हणच पडली होती, शिक्का पडला की निकाल पक्का. मी निकाल फिरवत नाही. तुझ्या आईला विचार.

दाराचं नंतर बघू.

ती स्वतः का लिहीत नाही? हात मोडलाय का तिचा? पंचवीस वर्षांनी माणसाची आठवण येते, तीही मुलीच्या हस्ताक्षरात. बाकी कुणाशी माझा संबंध राहिलेला नाही. आमच्या टेबलावरचा रे कुकनबेकर भेटला तर त्याला माझा नमस्कारसुद्धा सांगू नकोस. हरणाच्या शिकारीच्या मचाणावरून आमचं वाजलं, त्याला अठरा वर्षं झाली. खेळातला त्याचा तो बुटकाही तसलाच हट्टी होता.

नॉर्ब वँडेहाय

—

डुलुथ,
२७ जानेवारी

नॉर्बकाका,

हात मोडलेला नाही, सुजलाय. पेन धरवत नाही, म्हणून ती सांगते आणि मी लिहिते. तुमचं पत्र वाचून ती इतकी हसली की मला ऑक्सिजन वाढवावा लागला. ‘कुरकुरीत म्हणे! त्या माशाच्या कोळशाने मी एकदा नकाशा काढला होता,’ असं लिहायला सांगितलंय.

पंचवीस वर्षांनी आठवण आली, हे मात्र तिला लागलं. ती म्हणते, पहिली तीन वर्षं तिने नाताळच्या प्रत्येक कार्डात तुम्हाला विचारलं होतं की दारामागे काय आहे. तुम्ही एकाही कार्डाला उत्तर दिलं नाहीत.

कागदाची नक्कल सोबत आहे. मूळ कागद इतका मऊ झालाय की यंत्रात घालायला भीती वाटली, म्हणून हाताने उतरवला. तो उतरवताना एक गोष्ट दिसली. तलवारीच्या पेशात ओरेल्ला सहाव्या पायरीवर पोचली ती फेब्रुवारी १९८३ मध्ये. जुन्या पुस्तकात अर्ध्या एल्फला तिथे मर्यादा आहे, त्यावर चढताच येत नाही. तरीही पुढची पावणेआठ वर्षं दर खेळाला मिळालेल्या गुणांतले निम्मे गुण तिने तलवारीच्याच रकान्यात लिहिलेत. म्हणजे निम्मी कमाई पालथ्या घड्यावर पाणी. जादूचा रकाना बिचारा उरलेल्या निम्म्यावर रांगत रांगत आठवीपर्यंत आला.

नव्या पुस्तकात अशी मर्यादाच नाही. तेव्हा ते वाया गेलेले गुण तिला परत द्यायचे ना? मी बेरीज केली. ते धरले तर ती आमच्या हिशेबात सहज बारावी होते.

मी हे आईला म्हटलं तर ती म्हणाली, ‘विचार त्याला. पण आशा ठेवू नकोस, तो लोखंडाचा आहे.’ आणि मग म्हणाली, ‘बाकीचे सगळे भराभर चढायचे गं. माझंच काहीतरी चुकायचं.’

काका, थोडं लवकर लिहाल का? आमच्याकडे आता आठवडे मोजायचे दिवस आलेत. टेबल तिच्या खाटेशी आणून ठेवलंय. फासे तिच्या उशाशी आहेत. वीस बाजूंचा तो निळा, ज्याचे कोपरे झिजलेत, तो तिने हातात धरून ठेवलाय.

ब्रिटा

—

कौकाना,
६ फेब्रुवारी

ब्रिटा,

कागद नीट पाहिला. निकाल खाली देतो.

एक म्हणजे, वाया गेलेले गुण वाया गेले. ते परत देता येणार नाहीत. मर्यादा होती, तिला माहीत होती, तरी तिने दोन पेशांचं पात्र घेतलं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, हे तुमच्याकडेही म्हणत असतील. तिला कुणी बळजबरी केली नव्हती. साधी तलवारवाली झाली असती तर आज राणी असती.

दुसरं म्हणजे, सहा आणि आठ यांची बेरीज करून तिला चौदावी करायचं नाही. जुन्या खेळात सहावी तलवार आणि आठवी जादू या एकाच अंगातल्या दोन अर्ध्या गोष्टी होत्या. दोन अर्ध्या भाकरी म्हणजे दोन भाकरी नव्हेत. सहा आणि आठ यांच्या मधोमध सात. ओरेल्ला तुझ्या पुस्तकात सातवी. तीन पायऱ्या तलवारीच्या, चार जादूच्या. बसव.

आता दार. ते उघडायला जो मंत्र लागतो तो जादूची नववी पायरी चढल्याशिवाय हाती येत नाही. मी तो तसाच ठरवला होता आणि तसाच राहील. सातवी ओरेल्ला ते दार उघडू शकत नाही. तिला म्हणावं, ढकलून बघ.

त्यामागे काय आहे ते मी पत्रात लिहीत नाही. कार्डांनाही म्हणूनच उत्तर दिलं नाही. टेबलावरचं टेबलावर. ज्याला जाणून घ्यायचं त्याने टेबलाशी यायचं. त्या नोव्हेंबरात फासे हातात असताना ती उठली, नवऱ्याचं नाव घेऊन ‘डेल गाडीत थांबलाय’ म्हणाली, कोट घातला आणि गेली. पाच माणसं तिच्याकडे बघत बसली. पुढच्या शुक्रवारी मी तिची खुर्ची मांडली, त्याच्या पुढच्याही मांडली. त्या दारासमोर तिला मी नाही उभं केलं, ती स्वतः उभी राहून गेली.

आजारी आहे याचं वाईट वाटतं. पण आजारी माणसाला वेगळा नियम आणि धडधाकट माणसाला वेगळा, असा खेळ मी कधी चालवला नाही.

नॉर्ब

—

डुलुथ,
२० फेब्रुवारी

नॉर्बकाका,

तुमचं सहा तारखेचं पत्र मिळालं. आईला शब्दन् शब्द वाचून दाखवलं, तसंच तिने बजावलं होतं.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ विचारते. रे कुकनबेकर बुधवारी इथे आला होता. आमच्या चर्चच्या तळघरात गाठ पडली, एका हातात हॅमचं सँडविच आणि दुसऱ्या हातात कॉफी. तुम्ही त्याला नमस्कार पाठवला नाहीत, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मलाही त्याचा नको.’ मग सहज म्हणून मी त्याला विचारलं, तुमच्या बुटक्याची मर्यादा कितवी होती हो?

त्याने सँडविच खाली ठेवलं. म्हणाला, ‘कसली मर्यादा? नॉर्बने ती त्र्याऐंशीच्या नव्या वर्षालाच काढून टाकली होती. म्हणाला, हा मूर्खपणाचा नियम आहे, आजपासून बंद. डाकेने चिठ्ठी आली होती सगळ्यांना.’ त्याचा बुटका तेरावीपर्यंत गेला. त्याच टेबलावरच्या डोरीनची अर्धी एल्फसुद्धा. डोरीनची, काका! तीच जात, तेच दोन पेशे.

चिठ्ठी सगळ्यांना आली होती, फक्त माझ्या आईला नाही. टेबलावर पाच माणसं होती. चौघांना वेगळा नियम आणि एकीला वेगळा. आणि तुम्ही मला लिहिता की तुम्ही असा खेळ कधी चालवला नाही.

आई एवढंच म्हणाली, ‘मला वाटायचं, मीच कमी पडते.’

का, एवढंच मला कळायला हवं. तिच्याच नावाने लिहा. मी तिच्यापाशी बसून वाचीन.

ब्रिटा

—

कौकाना,
२९ फेब्रुवारी

आर्लिस,

तुझ्या मुलीने मला बरोबर पकडलं. सूत्रधार म्हणून ती चांगली असणार.

गेले पाच-सहा दिवस मी पत्र लिहून फाडतोय. आज ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतली पापांची कबुली द्यायला चर्चमध्ये रांगेत उभा राहिलो होतो. माझा नंबर आला तेव्हा निघून आलो. तुला सांगायच्या आधी फादरला सांगणं बरोबर वाटलं नाही.

चिठ्ठ्या चार लिहिल्या आणि पाचवी पण लिहिली होती. ती माझ्या खिशात राहिली. मुद्दाम राहिली असं तेव्हा नव्हतं. फेब्रुवारीत एका बुधवारी तू दिवसपाळी संपल्यावर आलीस, वही घेऊन, आणि म्हणालीस, ‘नॉर्ब, मी मागे पडतेय, मला एकटीला एखादी मोहीम दे ना.’ तासभर बसलीस. मी कॉफी केली. त्याच्या पुढच्या बुधवारी परत आलीस. मग मी ती चिठ्ठी चुलीत घातली.

तुझी मर्यादा उठली असती तर तू बाकीच्यांबरोबर चढली असतीस आणि तुला बुधवारी यायचं कारण उरलं नसतं. एवढंच आहे ते. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं. तुझं लग्न झालेलं, पोर जिन्यावर बसलेली, आणि मी गिरणीतला हातांना गंधकाचा वास येणारा माणूस. बोलायची छाती नव्हती म्हणून नियम वापरला. पावणेआठ वर्षं तुझी निम्मी कमाई मी मातीत घातली आणि वर तुला ‘फासे नीट टाक’ म्हणून हसलो. तू हसायचीस पण. तुला असं वाटत होतं की तूच कमी पडतेस, हे मला माहीत नव्हतं. नाही, खोटं कशाला लिहू, माहीत होतं. तेच वाटत राहावं अशी माझी सोय होती.

शिक्का पडला की निकाल पक्का, असं म्हणत आलो. आज मीच फिरवतो. सगळे गुण परत. ओरेल्ला बारावी, तीन तलवारीच्या आणि नऊ जादूच्या. दार उघडतं, आर्लिस.

मी येतो. गाडी अजून चालते. नकाशा आणतो, तोच, कॉफीच्या डागाचा. दारामागे काय आहे ते मात्र इथे लिहीत नाही. टेबलावर सांगीन, तुझ्यासमोर बसून. एवढं मला दे. दिवस कळव.

नॉर्ब

—

डुलुथ,
५ मार्च

नॉर्बकाका,

शनिवारी १९ तारखेला या. दुपारी दोनला. टेबल मांडलेलं आहे. नकाशा विसरू नका.

पायऱ्यांवर बर्फ असतं, कठड्याला धरून या.

ब्रिटा

—

(घराच्या दाराला चिकटवलेलं पाकीट)

१९ मार्च

नॉर्बकाका,

बेल वाजवू नका, घरात कुणी नाही. मी गेल्या आठवड्यातच माझ्या घरी परत गेले.

आई १३ फेब्रुवारीला गेली.

तुमचं सहा तारखेचं पत्र ११ ला वाचून दाखवलं. मीही सूत्रधार आहे, मला त्यातलं हवं ते गाळता आलं असतं. ‘ओरेल्ला बारावी, दार उघडलं’ असं तोंडाला येईल ते सांगता आलं असतं. पण तिने मला शपथ घातली होती की नॉर्बचा निकाल आहे तसाच वाच. ‘ढकलून बघ’ हेही वाचलं मी. तेव्हा ती थोडी हसली. मग तिने तो मऊ कागद मागितला आणि पेन्सिल मागितली. सुजलेल्या हाताने तिने ओरेल्लाच्या नावापुढे सातचा आकडा काढला. दोनदा पेन्सिल पडली. काढून झाल्यावर मला म्हणाली, ‘बरोबर आहे त्याचं. मी उठून गेले होते.’ त्यानंतर तिने खेळाचं नाव काढलं नाही. निळा फासा परत डब्यात ठेवायला सांगितला. दोन दिवसांनी गेली.

रे कुकनबेकर मयतीला आला होता. चर्चच्या तळघरात बुधवारी हॅमचं सँडविच आणि कॉफी, काका. मी स्वच्छ लिहिलं होतं. आपल्याकडे ते कधी असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. कुणी मेल्याशिवाय आपण आठवड्याच्या मधल्या वारी चर्चच्या तळघरात हॅम खातो का? तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही माझं पत्र वाचतच नव्हता, तुमची चोरी पकडली गेली तेवढंच वाचत होता.

पकडलं गेल्यावर तुम्ही काय लिहाल ते मला बघायचं होतं. पाहिलं. कबर अजून गोठलेल्या मातीची आहे, तिथे उभी राहून मोठ्याने वाचलं, लिहिलं होतं तसं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आता निकाल. तुमचाच नियम, शिक्का पडला की पक्का. तुमच्या बारावीच्या निकालावर २९ फेब्रुवारीचा शिक्का आहे. त्याच्या सोळा दिवस आधी ते पात्र संपलं होतं. मेलेल्या पात्राला पायऱ्या देता येत नाहीत. ६ फेब्रुवारीचा शिक्का तेवढा राहतो. ओरेल्ला सातवी. तिच्या दगडावर नाही, पण तिच्या कागदावर पेन्सिलीने तसंच राहील.

तुम्ही पाच-सहा तास गाडी चालवून आलात आणि दार बंद आहे. ढकलून बघा.

ब्रिटा

—

कौकाना,
२२ मार्च

ब्रिटा,

ढकलून पाहिलं. खोटं नाही लिहीत. हात लावून पाहिलं.

शेजारचा माणूस बर्फ उपसता उपसता थांबून माझ्याकडे बघत होता. मी पत्र दोनदा वाचलं, मग कठड्याला धरून पायरीवर बसलो. तुझ्या आईसाठी आणलेला मासा तिथेच ठेवून आलो. कुत्र्याने नेला असेल.

तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तुला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मी सांगितलेला तो नियम आठवतो का, पेशा बदलणाऱ्याचा? मी २९ फेब्रुवारीला सूत्रधारकी सोडून साधा माणूस व्हायला निघालो होतो. सगळं सांगितलं, आणि शेवटच्या ओळीत परत जुनी तलवार उपसली. टेबलावर सांगीन म्हणालो. त्या दिवसाची कमाई शून्य, नियमाप्रमाणेच झालं.

दारामागे काय होतं ते आता लिहितो. काही नव्हतं, पोरी. मी कधी ठरवलंच नव्हतं. नव्वदच्या त्या शुक्रवारी दार फक्त यासाठी घातलं होतं, की ती डुलुथला जाणार हे रेकडून कळलं होतं आणि तिने उत्सुकतेपोटी परत यावं असं मला वाटत होतं. मग ती गेली. पुढे ठरवायला बसलो की काहीच पुरेसं वाटेना. परवा गाडी चालवताना डुलुथच्या अलीकडच्या सुपीरियरच्या पुलापर्यंत मी पाच-सहा गोष्टी रचल्या आणि टाकून दिल्या. जानेवारीत तुला नुसतं ‘दार उघडलं, आत उजेड होता’ एवढं लिहिलं असतं तरी तिला पुरलं असतं. एक ओळ. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं आणि तेही मी दिलं नाही.

मी काही मागण्याच्या लायकीचा नाही, तरी एक मागतो. तुझ्या २० फेब्रुवारीच्या पत्रात तिचं वाक्य आहे. ‘मला वाटायचं, मीच कमी पडते.’ रे आला तेव्हा ती नव्हती. म्हणजे हे तिने त्यावर म्हटलेलं असणं शक्य नाही. मग हे वाक्य तिचं आहे की तू रचलंस? तिचं असेल तर ती कधी म्हणाली? माझं पत्र ऐकल्यावर? की पूर्वी कधी, सहज? मी एकाहत्तर वर्षांचा आहे. बुधवार आला की मी दोन कप काढतो आणि ते वाक्य ऐकू येतं. मला नुसतं सांग, तिचं की तुझं. काही असलं तरी चालेल.

नॉर्ब

—

(पोस्टकार्ड, पुढच्या बाजूला डुलुथचा उचलता पूल)

४ एप्रिल

नॉर्बकाका,

ते वाक्य कुणाचं, ते मला माहीत आहे.

टेबलावर सांगीन.

ब्रिटा